तिला कोणी बाटविले?

धर्मांतराची गोष्ट निघाली की आपल्या मराठी मंडळींच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'तिला कोणी बाटविले?' पुरुषाच्या बाबतीत निदान 'तो का बाटला?' असे विचारण्याइतकी सभ्यता दाखविली जाते. त्याने काही ग्रंथ वाचले असतील, कोणाशी वाद घातला असेल, ज्ञातीशी त्याचे बिनसले असेल, असे काही ना काही कारण त्याच्या नावावर जमा होते. स्त्रीच्या बाबतीत मात्र क्रियापद प्रयोजकच लागते. ती बाटत नाही. तिला बाटविले जाते. मग बाटविणाऱ्याचा शोध सुरू होतो. शाळेतील मिशनरी बाई, दवाखान्यातील परिचारिका, आणि यांपैकी कोणी न सापडल्यास नवरा. नाव सापडले की चौकशी संपते, फाईल बंद होते आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत फायली हलविणारे. बदल्यांच्या निमित्ताने जेथे जेथे गेलो तेथे तेथे मराठी मंडळ शोधले, आणि बहुतेक प्रत्येक मंडळात हा प्रश्न याच शब्दांत ऐकला. विचारणारे लोक मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. हुद्द्याने आमच्याहून मोठे, वाचनाने बहुश्रुत, आणि स्वतःच्या मुलींना परदेशी शिकावयास पाठविणारे असे ते गृहस्थ होते. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न विचारणारा माणूस धर्मांतराविषयी काहीच विचारीत नसतो. धर्म बदलणे ही एका दिवसाची घटना नाही. ती शेकडो शुक्रवारांची आणि हजारो पहाटांची गोष्ट आहे, आणि त्या पहाटेच्या वेळी बाटविणारा कोणीही जवळ नसतो. तेथे ती बाई असते आणि तिचा निश्चय असतो, किंवा निश्चयाचा अभाव असतो.

याची उदाहरणे आम्ही मुद्दाम दूरची घेणार आहोत. घरचे उदाहरण घेतले की डोकी तापतात; कोणी इतिहास काढतो, कोणी जनगणना काढतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील स्त्रिया घेतल्या म्हणजे ती सोय उरत नाही. तेथे बाई ख्रिस्ती घरातच जन्मलेली असते आणि ख्रिस्तीच राहते. फक्त बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट होती ती कॅथलिक होते. बायबल तेच, येशू तोच, देश तोच. तरीही बापाच्या, शेजाऱ्याच्या आणि सरकारच्या तोंडी प्रश्न हाच : तिला कोणी बाटविले?

हा मुलूख थोडा समजून घेतला पाहिजे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, दोन्ही कॅरोलिना ही राज्ये बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट यांची. लुइझियानाचा दक्षिण भाग आणि केंटकीतील बार्ड्‌सटाउनच्या भोवतालचा प्रदेश एवढे अपवाद. तेथे कॅथलिक धर्म आजीच्या हातच्या स्वयंपाकाइतका जुना आणि तितकाच अंगवळणी पडलेला. इतरत्र कॅथलिक मूठभर. सबंध जॉर्जिया राज्य १९५६ पर्यंत एकाच धर्मप्रांतात मावत होते. त्या वर्षी अटलांटाचा धर्मप्रांत निराळा करण्यात आला. या मूठभरांची धास्ती मात्र मोठी. रोमचा पोप अमेरिकेवर राज्य करू पाहतो, कॅथलिक मठांच्या भिंतींआड मुली कोंडून ठेवलेल्या आहेत, अशा कथा तेथे घरोघर वाचल्या जात. अशा कथा छापण्यात ज्याने हयात घालविली तो टॉम वॉटसन १९२० साली जॉर्जियातून सिनेटवर निवडून आला. अलाबामाच्या विधिमंडळाने १९१९ साली मठांच्या तपासणीचा कायदाच केला. कोणी स्त्री इच्छेविरुद्ध तेथे डांबलेली आहे की काय, हे पाहण्यासाठी मठात शिरण्याची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. जॉर्जियातही त्याच दशकात असाच कायदा झाला होता. धर्मभगिनी स्वखुशीने मठात गेली असेल, ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या बुद्धीला शिवलीच नाही. बाई आत आहे, अर्थी तिला कोणीतरी आत घातले आहे.

दोनच वर्षांनी, ११ ऑगस्ट १९२१ रोजी, त्याच अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात या समजुतीने एकाचा जीव घेतला. रूथ स्टीफन्सन ही अठरा वर्षांची मुलगी त्या वर्षी कॅथलिक झाली होती. तिचा बाप एडविन स्टीफन्सन हा मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि कू क्लक्स क्लॅनचा सभासद. कोर्टाच्या आसपास येणाऱ्या जोडप्यांची लग्ने लावून देणे हा त्याचा व्यवसाय. रूथने पेद्रो गुस्मान नावाच्या, भिंतींना कागद चिकटविण्याचे काम करणाऱ्या पोर्टो रिकोच्या कॅथलिक गृहस्थाशी विवाह केला. तो विवाह फादर जेम्स कॉइल यांनी लावला. त्याच दिवशी बापाने धर्मगुरूंच्या निवासाच्या ओसरीवर त्यांना गोळ्या घालून ठार केले. खटला चालला. आरोपीच्या वकिलांत ह्यूगो ब्लॅक होते, जे पुढे सिनेटर झाले आणि १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नेमले गेले. खटल्याच्या खर्चाला क्लॅनने हातभार लावला होता. बचावाची एक खटपट अशी की, गुस्मान गोरा नसून काळा आहे असे ज्यूरीस भासावे. त्यासाठी न्यायालयातील उजेड कमी करून त्याला समोर उभे केले गेले. स्टीफन्सन निर्दोष सुटला.

एका मुलीने आपला धर्म निवडला आणि आपला नवरा निवडला; आणि खटला चालला तो धर्मगुरूच्या कावेबाजपणावर व नवऱ्याच्या कातडीवर. या दोघांच्या मध्ये रूथ कोठे होती? तिचे मन हे जणू बापाच्या परसातले झाड, आणि त्यावर चोरांनी हात टाकलेला, असे धरूनच सारे चालले होते. चोर कोण एवढेच ठरवावयाचे. झाडाची जबानी कोण घेतो?

येथे वाचक म्हणतील, शंभर वर्षांपूर्वीच्या अलाबामातील अडाणीपणा आमच्या माथी का मारता? तर एक अप्रिय काम करावे लागते. आम्ही शासकीय सेवक आहोत, १९६४ चे वर्तणूक नियम आमच्या ध्यानात आहेत, आणि विधिमंडळाच्या शहाणपणावर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. कायद्याची वाक्यरचना वाचणे एवढा मात्र आमचा रोजचा धंदा आहे. ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशने १९६८ साली जे धर्मांतरविषयक कायदे केले, त्यांत जबरी किंवा लालूच याला शिक्षा होतीच. पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री, अगर अनुसूचित जाती-जमातीतील असल्यास शिक्षा वाढविलेली होती. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यातही हीच यादी आहे. मूळ कलमात इतरांच्या बाबतीत एक ते पाच वर्षे कैद, तर या यादीतल्यांच्या बाबतीत दोन ते दहा. दुर्बलांना अधिक संरक्षण, असा हेतू सांगितला जातो, आणि हेतूवर आमचा आक्षेप नाही. आमचे लक्ष फक्त त्या यादीकडे जाते. जिल्हाधिकारी बाई, न्यायाधीश बाई, आमच्या कचेरीतील शाखाधिकारी बाई, ज्यांच्या सहीवाचून आमची रजा मंजूर होत नाही, या साऱ्या स्त्रिया धर्मश्रद्धेच्या बाबतीत अज्ञान बालकाच्या शेजारी, एका स्वल्पविरामाच्या अंतरावर बसविलेल्या आहेत. अलाबामाच्या मठतपासणीच्या कायद्याहून ही समजूत वेगळी कशी, हे आम्हांला कोणी समजावून द्यावे.

'बायका नवऱ्याच्या मागे जातात,' हा दुसरा ठरलेला मुद्दा. जातात, काही जणी. पण कॅरोलिन गॉर्डनचे काय करावयाचे? केंटकीत १८९५ साली जन्मलेली ही कादंबरीकार १९४७ साली कॅथलिक झाली. तिचा पती, दक्षिणेतील नामांकित कवी ॲलन टेट, त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० साली, तिच्या वाटेने आला. पुढे संसार मोडला. १९५९ साली घटस्फोट झाला. धर्म जर नवऱ्यासाठी घेतला असता तर नवरा गेल्यावर तोही गेला असता. तो १९८१ साली मरेपर्यंत तिच्याजवळ राहिला. आणि मराठी माणसाने तरी हा मुद्दा काढू नये. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते कॅथलिक नव्हेत, प्रॉटेस्टंट मिशनचे. लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या काय? पाच वर्षे त्या अडून राहिल्या. पंढरपुरास राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळे पाळले; आणि पाणी कोणाच्या हातचे प्यावे, देवाने माणसांत जाती केल्या की माणसांनी, हा हिशेब स्वतःच्या मनाशी पुरा केल्यावर मग १९०० साली त्यांनी आपला बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो, त्यातील विनोदाला हसतो, आणि पुस्तक मिटल्यावर पुन्हा विचारतो की तिला कोणी बाटविले!

आता त्या पहाटांकडे आणि शुक्रवारांकडे वळू. वादाचे खरे ठिकाण तेथे आहे आणि बैठकीत त्याचा उल्लेख होत नाही.

दक्षिणेतील बॅप्टिस्ट घरात परिवर्तनाला एक तारीख असते. सभा भरते, प्रवचनाच्या शेवटी हाक दिली जाते, माणूस बाकावरून उठून सर्वांदेखत पुढे चालत जातो. आणि अमुक सालच्या अमुक रात्री आपला उद्धार झाला असे तो जन्मभर सांगतो. अशा घरातली मुलगी कॅथलिक होऊ लागली की तिला अशी रात्र मिळत नाही. महिनोन् महिने धर्मशिक्षण, मग पापनिवेदन, मग स्वीकाराचा विधी, आणि नंतर दर रविवारी मिस्सा. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत. आईच्या चर्चमधील खड्या आवाजातली, सर्वांना पाठ असलेली गाणी तेथे नाहीत. शुक्रवारी मांस वर्ज्य. जेथे पाहुणचार म्हणजे तळलेली कोंबडी आणि धुरावर भाजलेले डुक्कर, तेथे शुक्रवारी मामाच्या घरी जेवावयास बसून ताट पुढे सारणे किती कठीण, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. ज्याने परप्रांतातील कचेरीच्या उपाहारगृहात संकष्टीच्या दिवशी उपासाला काय चालते हे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला हे ठाऊक आहे. भूक सोसवते, पुन्हा पुन्हा खुलासा करणे सोसवत नाही. १९५३ पर्यंत तर ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा असेल तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. गावात कॅथलिक मंदिर नसे तेव्हा तोंडात पाणी न घालता मैलोगणती मोटार हाकीत जावयाचे, आणि वाटेत ज्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये सारे गणगोत जमलेले असे त्याच्यावरून पुढे जावयाचे. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन दुकानात गेले की कोणी भलेपणाने सांगावयाचे, 'बाई, कपाळाला काही लागले आहे.'

ही झाली लहानसहान दुःखे. मोठी निराळी होती, आणि त्यांच्याबद्दल कॅथलिक संस्थेलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. प्रॉटेस्टंट घरातून आलेल्या बाईचा आधीचा बाप्तिस्मा विधिवत झाला होता की नाही याची शंका धरून, 'आधी झाला नसेल तर' अशा अटीवर तिला पुन्हा बाप्तिस्मा देण्याची वहिवाट सर्रास होती. शास्त्राच्या दृष्टीने ही सावधगिरी असेल. आईच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच, की आपण ज्या नदीकाठी मुलीला ओले केले, रडलो आणि गायिलो, ते सारे या लोकांनी संशयाच्या सदरात टाकले. शिवाय १९१७ च्या चर्चसंहितेप्रमाणे अन्य पंथांच्या उपासनेत सक्रिय भाग घेण्यास मनाई होती. लग्नाला व मर्तिकाला सबळ कारण असेल तर नुसते उपस्थित राहण्याची सवलत. तेथील प्रार्थनेत सामील व्हावयाचे नाही. म्हणजे आई वारली, तिच्या चर्चमध्ये तिची शवपेटी ठेवली आहे, भावंडे तिचे आवडते गाणे म्हणत आहेत, आणि कॅथलिक झालेली मुलगी त्यांच्यात मुकी बसली आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली, १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा ठराव झाला, आणि ही भिंत बरीच खाली आली. शुक्रवारच्या नियमाची सक्तीही अमेरिकेतील बिशपांनी १९६६ साली बहुतांशी सैल केली. परंतु त्यापूर्वी ज्या मुली आपल्या आईच्या शवपेटीपाशी मुक्या बसल्या त्यांना कोणी 'लालूच' दाखविली होती, हे लालूचवाद्यांनी आम्हांस एकदा मोजून दाखवावे. कोणत्या मिशनऱ्याच्या खिशात एवढी किंमत होती?

धर्मांतर साजरे करणारे लोकही आम्हांला याच कारणासाठी आवडत नाहीत. त्यांच्या कथा बाप्तिस्म्याच्या दिवशी संपतात. नावाची नोंद झाली, घंटा वाजली, कथा समाप्त. बाटविणाऱ्यास शोधणारा आणि बाटविल्याचा अभिमान बाळगणारा, दोघेही एकाच दिवसावर नजर लावून बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी ती बाई काय करते याच्याशी दोघांनाही कर्तव्य नसते. या दोघांनीही बेटी हेस्टर या स्त्रीची हकीकत वाचावी. आम्हांला ती विशेष जवळची वाटते, कारण ती आमच्याच जातीची होती. अटलांटा शहरात लोकांच्या पतीची माहिती गोळा करणाऱ्या एका कंपनीत ती कारकून होती. दिवसभर इतरांच्या नोंदी ठेवावयाच्या आणि रात्री आपल्या खोलीत पुस्तके वाचावयाची.

१९५५ सालच्या उन्हाळ्यात तिने जॉर्जियातीलच फ्लॅनरी ओ'कॉनर या कथालेखिकेस पत्र लिहिले. ओ'कॉनर जन्माने कॅथलिक, १९२५ साली सव्हॅना येथे जन्मलेली. रक्तातील दोष शरीरालाच खावयास उठतो अशा ल्युपस या रोगाने ती आजारी होती. मिलेजव्हिल गावाजवळच्या शेतावर आईसह राहावयाचे, मोर पाळावयाचे, आणि सकाळी लिहावयाचे, असा तिचा क्रम. तिच्या कथांत कॅथलिक माणसे फारशी नाहीतच. बॅप्टिस्ट उपदेशक, बायबल विकणारे, देवाशी भांडणारे दक्षिणी लोक हीच तिची पात्रे. तिने या अनोळखी कारकून बाईला उत्तर दिले, आणि नऊ वर्षे पत्रे चालू राहिली. १९५६ च्या ईस्टरला हेस्टर कॅथलिक झाली. समलिंगी संबंधांच्या कारणावरून आपल्याला लष्करी सेवेतून काढून टाकले गेले होते, हेही तिने त्याच वर्षी ओ'कॉनरला कळविले, आणि मैत्री तोडावयाची असल्यास तोडावी असे सुचविले. ओ'कॉनरने ती तोडली नाही.

येथेच कथा थांबविली असती तर एखाद्या धार्मिक मासिकाला फार आवडली असती. परंतु १९६१ साली हेस्टरने चर्च सोडले. ओ'कॉनरला दुःख झाले, ते तिने लपविले नाही. पण पत्रे थांबली नाहीत. १९६४ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी ओ'कॉनर वारली तोवर ती चालू होती. आता ज्यांना बाटविणाराच पाहिजे त्यांनी सांगावे : १९५६ साली हिला कोणी बाटविले, आणि १९६१ साली कोणी शुद्ध करून घेतले? दोन्ही वेळा निर्णय करणारी एकच होती. ती आली तेव्हाही स्वतंत्र होती हे तिच्या जाण्याने सिद्ध झाले. आणि ज्या मैत्रिणीवर फूस लावल्याचा आरोप सहज करता आला असता, तिने हे जाणे मैत्रीच्या आड येऊ दिले नाही. फूस लावणाऱ्याचे वर्तन असे असत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ओ'कॉनरच्या पत्रांचा संग्रह १९७९ साली निघाला. त्यात हेस्टरला केवळ एका अक्षराने ओळखले आहे, कारण तिला नाव नको होते. १९९८ साली तिने आत्महत्या केली. त्यानंतर ते नाव सर्वांस कळले. एमरी विद्यापीठास तिने दिलेली मूळ पत्रे २००७ पर्यंत मोहोरबंद होती. छापली गेली ती ओ'कॉनरची उत्तरे. हेस्टरचे प्रश्न आपल्याला त्या उत्तरांवरून ओळखून घ्यावे लागतात. धर्म बदलणारी बाई आपल्याला बहुधा अशीच भेटते, दुसऱ्याच्या कागदात. कधी बापाच्या फिर्यादीत, कधी धर्मगुरूच्या वहीत, कधी एखाद्या थोर लेखिकेच्या उत्तरात.

राहिला संस्कृतीचा मुद्दा. 'धर्म बदलला की माणूस आपल्या मातीपासून तुटतो,' असे म्हटले जाते. गोव्यात राचोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते ओवीत. वसईच्या कॅथलिक घरांतून आजही सामवेदी बोली कानी पडते. पण ही उदाहरणे मंडळात अनेकदा देऊन झाली आहेत आणि त्यांचा काही उपयोग झालेला नाही, म्हणून पुन्हा दक्षिणेकडेच जातो, आणि तेही अशा स्त्रीकडे की जिच्या बाबतीत विरोधकाची बाजू सर्वांत बळकट आहे.

थेआ बोमन १९३७ साली मिसिसिपीत जन्मली आणि कँटन या गावी वाढली. काळ्या वर्णाची, गुलामाची नात, मेथडिस्ट घरातली मुलगी. वंशभेदाच्या त्या राज्यात काळ्या मुलांच्या सरकारी शाळांची दैना होती. गावात कॅथलिक मिशन आले. धर्मगुरू आले, धर्मभगिनी आल्या, त्यांनी शाळा चालविली, गरिबांची कामे केली. नऊ वर्षांच्या थेआने कॅथलिक होण्याचा हट्ट धरला, आणि पंधराव्या वर्षी त्याच धर्मभगिनींच्या संघात, दूर विस्कॉन्सिन राज्यातल्या मठात दाखल झाली. तेथे ती एकटीच काळी. आमच्या मित्रांना याहून चांगला खटला मिळणार नाही : अज्ञान बालिका, दलित समाज, शाळेचे आमिष. वर सांगितलेल्या कलमातील संपूर्ण यादी एकाच मुलीत एकवटलेली आहे.

शाळेचा मोह होता, हे आम्ही नाकारीत नाही. जेथे राज्य मुलीला वाचावयास शिकवीत नाही तेथे जो शिकवील त्याचा मोह पडणारच. त्याबद्दल दोष द्यावयाचा तो राज्याला. पण मोहाने मिळविलेली श्रद्धा किती दिवस टिकेल? तिने पदवी घेतली, १९७२ साली वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली, इंग्रजी साहित्य शिकविले. नंतर ती मिसिसिपीला परतली, आणि आपल्या आजोळची, मेथडिस्ट व बॅप्टिस्ट चर्चमधली, गुलामांनी घडविलेली गाणी कॅथलिक मंदिरात घेऊन आली. १९८७ साली काळ्या कॅथलिकांसाठी जे पहिले गीतपुस्तक निघाले त्याची प्रस्तावना तिने लिहिली. धर्म बदलताना जे दारात काढून ठेवावे लागेल असे इतरांना वाटले होते ते सारे ती आत घेऊन गेली, आणि चर्चला म्हणाली, हेही आता तुमचे आहे.

ओ'कॉनरच्या पत्रांत काळ्या लोकांविषयी तुच्छतेचे उद्गार आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. दक्षिणेच्या त्या मोठ्या लेखिकेचा तो डाग आहे, आणि तिच्या कथांवर प्रेम करणाऱ्यांनी तो झाकू नये. २०२० साली त्यावरून वाद झाला, तेव्हा मेरिलँडमधील लोयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले ओ'कॉनरचे नाव काढले आणि त्या जागी थेआ बोमनचे नाव दिले. जन्मजात कॅथलिक लेखिकेच्या जागी बाहेरून आलेली ही मुलगी. कोणी कोणाला बाटविले असेल ते असो, आपल्या धर्माचे कोणते ऋण कोणाकडून फिटले याचा हिशेब त्या चर्चला बरीच वर्षे करीत बसावे लागेल.

१९८९ च्या जून महिन्यात न्यू जर्सी येथे अमेरिकेतील कॅथलिक बिशप जमले होते. कर्करोगाने पोखरलेली थेआ चाकाच्या खुर्चीत बसून त्यांच्यापुढे बोलली. काळ्या माणसाला तुमच्या चर्चमध्ये जागा कोठे आहे, असे तिने त्यांना हसत हसत, पण सरळ विचारले. मध्येच गाऊ लागली. शेवटी तिने त्या साऱ्या वयोवृद्ध बिशपांना उभे केले, हातांत हात गुंफावयास लावले आणि नागरी हक्कांच्या चळवळीतले गाणे म्हणावयास लावले. ते नीट जवळ जवळ उभे राहीनात तेव्हा तिने त्यांना आणखी जवळ सरकावयास सांगितले. ते सरकले. पुढल्या वर्षीच्या ३० मार्चला ती वारली. २०१८ साली तिला संतपद देण्याविषयीची चौकशी अधिकृतपणे सुरू झाली आहे. रोमच्या त्या कचेरीतही फायली आमच्याच कचेरीइतक्या सावकाश हलतात असे ऐकतो.